तुर्की भाषेची तोंडओळख

खालची दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा.

चहा आहे का?
चाय वार मि॰?

दुसरे वाक्य तुर्की भाषेतले आहे. ‘चाय’ म्हणजे चहा, ‘वार’ म्हणजे आहे, आणि ‘मि॰’ म्हणजे आपला ‘का’. शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलो की वाक्य तयार! इंग्रजीत हाच प्रश्न विचारायचा तर ‘इज’ उचलून वाक्याच्या आरंभी न्यावा लागतो, आणि आपला विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो. मराठीत आणि तुर्कीत मूळ वाक्याला धक्का लागत नाही. शेवटी एक लहानसा शब्द जोडला की झाला प्रश्न. चहा असेल तर दुकानदार म्हणेल ‘वार’, नसेल तर ‘योक’.

पण एवढ्यावर खूश होऊन आपण दुसरा प्रश्न विचारायला जावे, तर थोडी पंचाईत होते. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या दोन वस्तू घेऊ. कांद्याला तुर्कीत ‘सोआन’ म्हणतात आणि द्राक्षाला ‘उ॰झु॰म’. (बेदाणे परदेशी पाठवण्यात तुर्कस्तान जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे, तेव्हा हा शब्द नाशिककरांनी शिकून ठेवायलाच हवा.) ‘हा कांदा का?’ हे विचारायचे ‘बु सोआन मि॰?’ असे, पण ‘हे द्राक्ष का?’ हे मात्र ‘बु उ॰झु॰म मु॰?’. ‘ही शाळा का?’ म्हणजे ‘बु ओकुल मु?’ आणि ‘हे घर का?’ म्हणजे ‘बु एव मि?’. म्हणजे आपला एकटा ‘का’ तेथे चार वेषांत वावरतो : मि, मि॰, मु, मु॰. अनेकवचनातही असाच प्रकार. एव म्हणजे घर, त्याचे अनेकवचन एव-लेर. कुश म्हणजे पक्षी, त्याचे अनेकवचन मात्र कुश-लार. कधी लेर, कधी लार.

प्रश्नाची रूपे चारच का आणि अनेकवचनाची दोनच का? तीन किंवा पाच का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकातल्या तक्त्यात नाही, ते आपल्या तोंडाच्या पोकळीत आहे. म्हणूनच पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने व्याकरणात नाक खुपसण्याचे धाडस केले आहे.

आधी त्या छोट्या शून्याचा खुलासा करतो. तुर्कीतले काही स्वर देवनागरीत नाहीत. म्हणून मी या लेखापुरती एक खूण ठरवली आहे. अक्षरापुढे ॰ दिसले की समजायचे : ओठ त्या अक्षराचेच ठेवायचे, पण जीभ विरुद्ध जागी न्यायची. ‘इ’ म्हणताना जीभ पुढे, दातांकडे असते. ‘उ’ म्हणताना ती मागे सरते. आता ‘इ’ म्हणत राहा आणि जीभ मुळीच न हलवता ओठांचा चंबू करा. जो चमत्कारिक आवाज येईल तो ‘उ॰’. उलट ‘उ’ म्हणत राहून जीभ तेथेच ठेवून ओठ पसरा, की ‘इ॰’ निघेल. ‘ए’ची जीभ आणि ‘ओ’चे ओठ एकत्र आणले की ‘ओ॰’. आरशासमोर करून पाहा. घरचे हसतील, पण दोन मिनिटांत जमते. च आणि ज यांचे उच्चार ‘चंद्र’ आणि ‘जीव’ यांतल्याप्रमाणे करा, झ मात्र ‘झाड’मधल्यासारखा. ऱ्हस्वदीर्घाची काळजी येथे करू नका.

हे धरून तुर्कीत आठ स्वर आहेत. आठ हा आकडा दिसला की गणिताच्या विद्यार्थ्याला दोनाचा घन आठवला पाहिजे. प्रत्येक स्वराला आपण तीन प्रश्न विचारू. जीभ पुढे की मागे? ओठ पसरट की गोल? जबडा उघडा की मिटता? प्रत्येक प्रश्नाची उत्तरे दोनच. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. एखादा लाकडी ठोकळा घ्या. त्याला आठ कोपरे असतात, आणि तुर्की स्वर एकेक करून प्रत्येक कोपऱ्यावर बरोबर बसतात. जीभ पुढे असणाऱ्या बाजूला ए, इ, ओ॰, उ॰. जीभ मागे असणाऱ्या बाजूला आ, इ॰, ओ, उ. यांपैकी ए, आ, ओ॰ आणि ओ या चारांत जबडा उघडा, बाकी चारांत मिटता. ओ, ओ॰, उ, उ॰ यांत ओठ गोल, बाकीच्यांत पसरट. शिक्षकांनी वर्गात खडूने ठोकळ्यावर ही अक्षरे लिहून दाखवावीत. फळ्यावरच्या तक्त्यापेक्षा ठोकळा मुलांच्या अधिक लक्षात राहतो.

जीभ पुढे आणि मागे, ही काय केवळ सोयीची भाषा आहे? नाही. तिचा परिणाम कानाला ऐकू येतो, आणि तो ऐकण्याचा एक बिनखर्चाचा प्रयोग आहे. खोलीत शांतता करा आणि ‘इ, ए, आ, ओ, उ’ हे स्वर नुसते कुजबुजत म्हणा. घशातून सूर काढायचा नाही. कुजबुजीत स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून सूर नसायला हवा. तरी ‘इ’कडून ‘उ’कडे येताना काहीतरी उंचावरून खाली उतरल्यासारखे वाटेल. हा उतार तोंडाच्या पोकळीच्या अनुनादाचा आहे. जीभ पुढे आणि वर असली की तिच्यापुढची पोकळी लहान राहते आणि लहान पोकळीचा अनुनाद उच्च कंप्रतेचा असतो. जीभ मागे सरली की पुढची पोकळी मोठी होते, कंप्रता उतरते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात तोंडासमोर नादकाटे धरून हे अनुनाद शोधले होते. त्याचा ध्वनिसंवेदनांवरचा ग्रंथ १८६३ साली निघाला. पुढे १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील मोजमापे प्रसिद्ध झाली. त्यांत पुरुषांच्या आवाजात ‘ई’चा दुसरा अनुनाद सरासरीने सुमारे २३०० हर्ट्झ आणि ‘ऊ’चा सुमारे ९०० हर्ट्झ आढळला. पहिला अनुनाद मात्र दोन्हींचा ३०० हर्ट्झच्या आसपासच आहे. म्हणजे ई आणि ऊ यांचा जबडा सारखा, आणि फरक जीभ व ओठ यांचा. आपला ठोकळा हेच सांगत होता.

ओठांचे काम पाहायचे तर रिकामी बाटली घ्या. तिच्या तोंडावर आडवी फुंकर घाला, सूर निघेल. आता बोटाने बाटलीचे तोंड थोडे झाका आणि पुन्हा फुंका. सूर खाली उतरतो. ओठांचा चंबू म्हणजे तोंड अर्धे झाकलेली बाटली. कुजबुजत ‘इ’ म्हणता म्हणता ओठ गोल केले, म्हणजेच ‘उ॰’ केला, तर अगदी असाच उतार ऐकू येतो.

एवढी तयारी झाल्यावर तुर्की अनेकवचन हा पाच मिनिटांचा खेळ आहे. प्रत्ययाला स्वतःचा ठाम स्वर नाही. तो शब्दाच्या शेवटच्या स्वराकडे पाहतो आणि आपली जीभ त्याच्या जिभेसारखी ठेवतो. अनेकवचनाच्या प्रत्ययाने जबडा उघडा आणि ओठ पसरट हे दोन धरून ठेवले आहेत. मोकळी आहे ती फक्त जीभ. एका मोकळ्या गोष्टीचे पर्याय दोन : ए किंवा आ. म्हणून लेर किंवा लार. प्रश्नाच्या शब्दाने फक्त मिटता जबडा धरून ठेवला आहे. जीभ आणि ओठ दोन्ही मोकळे. दोन मोकळ्या गोष्टींचे पर्याय चार : इ, इ॰, उ, उ॰. म्हणून मि, मि॰, मु, मु॰. दोनाचा पहिला घात आणि दोनाचा दुसरा घात! तीन किंवा पाच रूपे होणे शक्यच नव्हते.

आता हा नियम खरा की खोटा हे पाहण्याची रीत विज्ञानातली. कधी न ऐकलेला शब्द घ्यायचा आणि भाकीत करायचे. ‘गो॰झ’ म्हणजे डोळा. ओ॰ मध्ये जीभ पुढे, म्हणून अनेकवचन गो॰झ-लेर असले पाहिजे. ओठ गोल, म्हणून प्रश्न ‘गो॰झ मु॰?’ असला पाहिजे. तुर्की माणूस असेच म्हणतो. ‘योल’ म्हणजे रस्ता. जीभ मागे, ओठ गोल : योल-लार, ‘योल मु?’. ‘दिल’ म्हणजे जीभ, आणि भाषाही : दिल-लेर, ‘दिल मि?’. ‘कापि॰’ म्हणजे दार : कापि॰-लार, ‘कापि॰ मि॰?’.

याच्या तुलनेत आपली मराठी पाहा. घर–घरे, दगड–दगड, मुलगा–मुलगे, नदी–नद्या. लिंग ठाऊक असले की बरेचसे जमते म्हणावे, तर ‘वाट’ आणि ‘भिंत’ दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. पण एकीच्या वाटा होतात आणि दुसरीच्या भिंती. कानावर पडले नसेल तर कितीही हुशार परदेशी विद्यार्थी हे ओळखू शकणार नाही. तुर्कीत तर लिंग हा प्रकारच नाही. ‘ओ गेल्दि’ या एका वाक्यात तो आला, ती आली आणि ते आले, तिघेही येऊन जातात. आपल्या भाषेचा अभिमान बाळगावा, पण तिसऱ्या भाषेतल्या माणसाला आपण काय शिक्षा देतो याचीही कल्पना असावी.

जिभेने असे शिस्तीत का वागावे? एक स्पष्टीकरण श्रमांच्या बचतीचे आहे : एका शब्दात जिभेला पुढेमागे धावावे लागत नाही. मला हे अर्धेच पटते. केवळ आळसाचा प्रश्न असता तर सगळ्याच भाषांनी हा मार्ग धरला असता. हंगेरियन आणि फिनिश भाषांत स्वरांचा असा मेळ आहे. तेलुगूतही त्याची लहानशी झलक दिसते : ‘मला’ म्हणजे नाकु, पण ‘घराला’ म्हणजे इंटिकि, कारण आधी इकार आला. मराठीत मात्र तो नाही आणि आपले काही अडत नाही. दुसरा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुर्कीत ‘ओल्दु’ म्हणजे झाले, आणि ‘ओ॰ल्दु॰’ म्हणजे मेला! एका जिभेच्या जागेवर जीवनमरण अवलंबून आहे. पण पहिला स्वर नीट ऐकू आला नाही तरी दुसरा स्वर तीच बातमी पुन्हा सांगतो. आमच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या खडखडाटात बोलणारे कामगार शब्दाच्या जोडीला हाताची खूणही करतात, तशातलाच हा प्रकार. गोंगाटातून संदेश पोचवायचा तर तो दोन वाटांनी पाठवलेला बरा.

हे आठ स्वर लिहिण्याची मोठी अडचण तुर्कांना होती. शेकडो वर्षे ते अरबी लिपी वापरत, आणि तिच्यात स्वरांसाठी अक्षरे फार थोडी. मुस्तफा केमाल यांच्या काळात, १९२८ च्या नोव्हेंबरात, कायदा करून रोमन लिपीवर आधारलेली नवी वर्णमाला आणली गेली. तिच्यात आठ स्वरांना आठ अक्षरे आहेत, त्यामुळे तुर्की जसे लिहितात तसेच बहुतेक वाचतात.

आता प्रत्यय एकापुढे एक कसे जोडतात ते पाहू. येथेही मराठी विद्यार्थ्याला अर्धी वाट आधीच चालून झालेली असते. एव-दे म्हणजे घरात. एव-लेर-दे म्हणजे घरांत. ओकुल-आ म्हणजे शाळेला. ‘अली ओकुला गित्ति मि?’ म्हणजे ‘अली शाळेला गेला का?’, शब्दांचा क्रमही तोच. एव-लेर-इमिझ-देन म्हणजे ‘आमच्या घरांमधून’. मालगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागून एक प्रत्यय लागतात आणि इंजिनाने ठरवलेली जीभ शेवटच्या डब्यापर्यंत पोचते. इंजिन बदला, म्हणजे ‘एव’च्या जागी ‘ओकुल’ घ्या, की सगळे डबे रंग बदलतात : ओकुल-लार-इ॰मि॰झ-दान.

आपल्या आडनावांतला ‘कर’ तुर्कीतही आहे. तेथे तो ‘लि’ होऊन येतो, आणि प्रश्नाच्या शब्दाप्रमाणे त्याचीही रूपे चार. इझ्मिरचा तो इझ्मिरलि, अंकाराचा अंकारालि॰, इस्तंबूलचा इस्तंबूललु. मग सातपूरकराला तुर्की माणूस काय म्हणेल? शेवटचा स्वर उ : जीभ मागे, ओठ गोल. म्हणून ‘सातपूरलु’. ‘तू सातपूरकर आहेस का?’ म्हणजे ‘सातपूरलु मुसुन?’ यातला ‘सुन’ हा ‘तू’चा प्रत्यय. वडीलधाऱ्यांना विचाराल तेव्हा ‘मुसुनुझ’ म्हणा. तू आणि तुम्ही हा भेद त्यांच्याकडेही आहे. नाशिककर मात्र ‘नाशिकलि’ होणार. या शब्दांसाठी तुर्की कोश उघडण्याची गरज नाही, कारण नियम आपल्या हातात आहे.

तुर्की व्याकरणाचे काही तुकडे मराठीत शेकडो वर्षांपासून पडून आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विजापूरची मुलुखमैदान तोफ तुम्ही इतिहासात वाचली असेल. ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १५४९ साली ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव मुहंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्की मुलखातला. ‘तोफ’ हा शब्दही तुर्कीच : ‘तोप’ म्हणजे चेंडू आणि तोफही. तोफ चालवणारा तो तुर्कीत ‘तोपचु’. हा ‘चि’ प्रत्यय काम करणाऱ्याला लागतो आणि त्याचाही स्वर बदलतो : चहावाला तो चायजि॰, दूधवाला सु॰तचु॰, पाववाला एकमेकचि. (होय, तुर्कीत ‘एकमेक’ म्हणजे पाव!) पण आपल्याकडे हा प्रत्यय फारसीच्या वाटेने आला. फारसीत स्वरांचा मेळ नाही, म्हणून तो ‘ची’ याच रूपात गोठला आणि आपण ‘तोपची’ म्हणू लागलो. मशालजी आणि तबलजी यांच्यातला ‘जी’ हाही तोच. तो आदरार्थी नव्हे. ‘शाळेची घंटा’ यातल्या ‘ची’चा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही.

तसाच ‘चकमक’ हा शब्द. तुर्कीत ‘चाक’ म्हणजे ठिणगी पडेल असा आघात करण्याचा धातू आणि ‘माक’ म्हणजे आपला ‘णे’. येणे म्हणजे गेल-मेक, ठिणगी पाडणे म्हणजे चाक-माक. आपण गारगोटीच्या ‘चकमकी’त तो ‘णे’ धातूसकट उचलून आणला. तुर्कस्तानात आज खिशातल्या लायटरला ‘चाकमाक’ म्हणतात. आणि ‘बेगम’ व ‘खानम’? बेग म्हणजे सरदार, खान तर ठाऊकच आहे. त्यांना ‘माझा’ या अर्थाचा म-कारी प्रत्यय लागून हे शब्द झाले असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ‘माझे घर’ म्हणजे एव-इम, हा तोच प्रत्यय.

नियमाला अपवाद आहेत का? आहेत, आणि ते लपवू नयेत. ‘साआत’ म्हणजे तास किंवा घड्याळ. नियमाने साआत-लार व्हायला हवे, पण म्हणतात साआत-लेर. हा शब्द अरबीतून आलेला. अशा काही पाहुण्या शब्दांनी आपली जीभ बदललेली नाही. फुटबॉलमधला ‘गोल’ही पाहुणाच, त्याचे गोल-लेर होते. याउलट ‘किताप’ (आपले किताब) हाही अरबी शब्द, पण तो मुकाट्याने किताप-लार होतो. अस्सल तुर्की शब्दांतही ‘आन्ने’ (आई) आणि ‘एल्मा’ (सफरचंद) यांच्या पोटात जीभ पुढेमागे झालेली दिसते. पण प्रत्यय शेवटचा स्वर पाहतो, त्यामुळे आन्ने-लेर आणि एल्मा-लार यांत काही अडत नाही.

एक गंमत राहिली. पाच पुस्तके याला तुर्कीत ‘बेश किताप’ म्हणतात, ‘कितापलार’ नव्हे. पाच म्हटल्यावर अनेक हे कळलेच, मग प्रत्यय कशाला? ‘काच किताप?’ म्हणजे ‘किती पुस्तके?’ यातही एकवचनच. आपल्याला हे विचित्र वाटते, पण ‘पाच किलो साखर’, ‘दहा मीटर कापड’ म्हणताना आपणही किलो आणि मीटर यांना हात लावत नाही. आणि जेथे किती, कोण (किम), काय (ने) असे प्रश्नाचे शब्द असतात तेथे ‘मि’ लागत नाही. ‘बु ने?’ म्हणजे ‘हे काय?’. मराठीतही ‘हे काय का?’ असे कोणी विचारत नाही.

आता पेन्सिल घ्या. चिचेक (फूल), कादि॰न (स्त्री), को॰य (खेडे) आणि ओकुल यांची अनेकवचने आणि प्रश्न तयार करा. मग नागपूर, पुणे, सातारा आणि देवळाली यांना ‘कर’ जोडा. उत्तरे अशी : चिचेक-लेर, मि, कादि॰न-लार, मि॰, को॰य-लेर, मु॰, ओकुल-लार, मु. नागपूरलु, पुणेलि, सातारालि॰, देवळालिलि. तुमच्या गावाचे उत्तर मात्र तुमचे तुम्हीच काढायचे.